आगोट भरून व्हिएन्नाला: कोकणातून हिवाळी युरोप करताना

मे संपायच्या आत कोकणात आगोट भरतात. लाकडं पडवीत रचायची, घर शाकारायचं, सुकी मच्छी डब्यात, मीठ-मिरची फडताळात. पाऊस थांबवता येत नाही हे ठाऊक असल्यामुळे त्याच्याशी कुणी भांडत बसत नाही, कोरडं राहण्याची सोय तेवढी करतात. युरोपातल्या हिवाळ्याशी असंच वागावं लागतं. रत्नागिरी-मालवणला पहाटे पारा सोळा-सतरा अंशांवर आला की कानटोप्या बाहेर येतात. व्हिएन्नात जानेवारीत भर दुपारी दोन-तीन अंश असतात आणि रात्री शून्याखाली. हे आकडे वाचून माणसं जाडजूड स्वेटर शोधायला लागतात. पण माणूस गारठतो तो मुख्यतः घामाच्या ओलीने, भिजलेल्या मोज्यांनी आणि वाऱ्याने. ओल म्हणजे काय हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळे अर्धी तयारी झालेलीच आहे.

युरोपातल्या राजधान्यांपैकी इथे ऑस्ट्रियाचं व्हिएन्ना धरलं आहे. लिस्बनला थंडी कमी, पण तिथे हिवाळ्यातच पाऊस. चार महिने पागोळ्या ऐकून झाल्यावर पुन्हा पैसे देऊन पावसात कशाला जायचं? हेलसिंकीत डिसेंबरच्या शेवटी दिवस सहा तासांचाही नसतो. व्हिएन्नात थंडी बेताची, बघायच्या बऱ्याच जागा छपराखाली आणि एकमेकींच्या जवळ, आणि ट्राम दारात. चार रात्री कमीत कमी, पाच-सहा उत्तम.

कधी जायचं

हिवाळ्याचे तिथे तीन वेगळे तुकडे पडतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून ख्रिसमसपर्यंत नाताळ बाजारांचा काळ: दिवे, लाकडी टपऱ्या, गर्दी. मग नाताळ ते नववर्ष: सगळ्यात महाग आणि सगळ्यात फसवा. 24 डिसेंबरला दुपारनंतर दुकानं बंद, बाजार लवकर गुंडाळलेले, ट्राम कमी, आणि संध्याकाळी जेवायला जागा शोधत फिरायची वेळ. त्या दिवशी पोचणार असाल तर दोन वेळचं खाणं आधी घेऊन ठेवा. तिसरा तुकडा जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत: खोल्या स्वस्त, संग्रहालयं रिकामी, शहरात नाचांच्या सोहळ्यांचा हंगाम, आणि टाउन हॉलसमोर बर्फावरच्या स्केटिंगचं मोठं मैदान. बाजार बघायचे तर डिसेंबरचे पहिले दोन आठवडे, बाकी सगळ्यांसाठी हा तिसरा तुकडाच चांगला.

इथलं कॅलेंडरही बघावं लागतं. कलमांच्या बागा असतील तर डिसेंबर-जानेवारीत मोहोराच्या फवारण्या असतात, मागे माणूस ठेवल्याशिवाय निघू नका. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलाने ठरते. त्यामुळे फेब्रुवारीचं तिकीट काढणाऱ्या मसुरे-मालवणकडच्या मंडळींनी तारीख बदलता येणारं तिकीट घ्यावं, नाहीतर घरात तोंड दाखवायची पंचाईत.

व्हिसा: कुठे अडकतं

शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पंधरा दिवस हा कागदावरचा आकडा समजा; डिसेंबरला जायचं तर सप्टेंबरात, गणपती आटोपले की लगेच, मुंबईच्या केंद्राची वेळ घ्या. शुल्क मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45, त्याखालच्यांना काही नाही. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन पानं कोरी. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर. एकाहून अधिक देश करणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे.

बागायतदार आणि मच्छी व्यवसायातल्या लोकांचं घोडं बहुतेक वेळा उत्पन्नाच्या पुराव्यावर अडतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्र भरलेलंच नसतं आणि पैसा हंगामात एकदम, तोही रोख येतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात मोठी रक्कम भरली की ती उसनी आणल्यासारखी दिसते. त्यापेक्षा शेती उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरा, सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर आणि आंबा-काजू विक्रीच्या पावत्या जोडा, आणि हंगामाचा पैसा हंगामातच बँकेतून जाऊ द्या. पासपोर्टवर आणि बँकेत नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आधी एकसारखं करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हे हटकून निघतं.

विमानतळावर उतरल्यावर आता बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. ऑक्टोबर 2025 पासून युरोपने ही नवी नोंदणी सुरू केली आहे. रांगेसाठी तासभर धरा आणि पुढच्या गाडीचं वेळेशी बांधलेलं तिकीट आधी काढू नका.

अंगावर काय, आणि का

तीन थर. कपडे कितीही असोत, काम तीनच करायची असतात: घाम कातडीपासून दूर नेणं, गरम हवा धरून ठेवणं, वारा-पाणी अडवणं.

आतला थर थर्मलचा, अंगाला चिकटून बसणारा, वर-खाली दोन्ही. लोकरीचा मेरिनो प्रकार सगळ्यात चांगला, नाहीतर सिंथेटिक. माणशी दोन जोड पुरतात. एक अंगावर, एक धुऊन हीटरजवळ. सुती बनियन मात्र घरी ठेवा. भातलावणीत भिजलेली गंजी अंगावर वाळत नाही आणि वारा आला की हुडहुडी भरते, तोच प्रकार तिथे घामाने होतो. ट्राममध्ये उकडतं, सुती कपडा घाम पितो, उतरलं की तो बर्फाच्या फडक्यासारखा पाठीला लागतो.

मधला थर फ्लीसचा किंवा लोकरीचा, एकच. दोन जाड स्वेटर एकावर एक चढवले तर मधली हवा दाबली जाते आणि ऊब वाढण्याऐवजी कमी होते. हात वर करता आले पाहिजेत, एवढी ढिलाई ठेवा.

बाहेरचा कोट मांडीपर्यंत लांब, टोपीसकट, वारा आणि ओला बर्फ अडवणारा. इथे पैसे वाचवू नका. शून्य अंशाला ताशी 30 किलोमीटरचा वारा सुटला की अंगाला उणे सहा-सात अंशांसारखं लागतं, आणि मोकळ्या चौकात व्हिएन्नाचा वारा काही हातचं राखत नाही. फक्त पाऊस अडवणारा, आत अस्तर नसलेला रेनकोट मधल्या थराशिवाय कामाचा नाही. उलट कोट फारच जाड असेल तर संग्रहालयात काखेत धरून फिरायचा वैताग. कान झाकणारी टोपी, मफलर, हातमोजे यांना पर्याय नाही. हातमोज्यांच्या आत पातळ हातमोजे घातले तर फोन वापरताना बोटं उघडी पडत नाहीत.

बुटांवर सगळ्यात जास्त वेळ घाला. जाड रबरी तळ, खोल खाचा, घोट्यापर्यंत उंच, पाणी न घेणारे. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, लोकरीचे मोजे घालून माप घ्या. बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि कितीही महाग मोजे असले तरी बोटं बधिर होतात. नवे बूट दोन आठवडे आधी घ्या आणि रोज अर्धा तास घालून चाला. भर दमट हवेत बूट घालून फिरताना शेजारी हसतील, हसू द्यावं. लोकरीचे मोजे चार जोड, आणि एक कोरडा जोड कायम पाठपिशवीत. हे सामान आपल्याकडच्या बाजारपेठांत क्वचितच मिळतं. मुंबई-पुण्यातली मोठी क्रीडासाहित्याची दुकानं किंवा ऑनलाइन. थर्मल पहिल्यांदा घरी घालून बघा, काहींना त्याची खाज येते.

साडी नेसायची हौस असेल तर परकराच्या आत थर्मल लेगिंग, पूर्ण बाह्यांचं थर्मल, वर ब्लाउज, आणि पायात बूटच. ऑपेरात आत गेल्यावर कोट जमा करतात, तेव्हा साडी दिसतेच. निऱ्या थोड्या आखूड घ्या, ओल्या फुटपाथवर काठ भिजतो.

खोबरेल तेल नेणार असाल तर रुंद तोंडाच्या डब्यात न्या. ते 24 अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे तिथे बाटली म्हणजे पांढरा दगड. त्याहून कामाचं आहे ते कोकमाच्या बियांचं मुठेल, म्हणजे भिरंडेल. पायाच्या भेगांना लावतो तेच. घरात गरम हवा सतत खेळवल्यामुळे तिथे ओठ, टाचा, बोटांची पेरं दोन दिवसांत तडकतात. समुद्रकाठच्या दमट हवेत वाढलेल्या कातडीला हे आणखी लवकर जाणवतं. झोपताना मुठेल चोळून मोजे घाला. नाकातून रक्त येत असेल तर ओला टॉवेल हीटरजवळ टांगा. हीटरच्या नळावर एक ते पाच आकडे असतात. तीनवर खोली साधारण 20 अंशांना राहते. पाचवर ठेवून झोपलात तर सकाळी घसा बसलेला.

बॅगेत खाणं: काय चालतं, काय जप्त होतं

युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याचं काही नको. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नाहीत, त्यात कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि लिंबंही आली. गंमत म्हणजे ज्या पाच फळांना यातून सूट आहे त्यांत नारळ, केळी आणि अननस आहेत. उरलेली दोन खजूर आणि ड्युरियन. तरी नारळ वाहून नेण्यात अर्थ नाही, आशियाई दुकानात नारळाचं दूध डब्यात मिळतं. सुकं खोबरं तर बॅगेत नकोच: तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात धरतात आणि विमानतळावर काढून ठेवतात.

मासळीला नियम सैल आहे. स्वतःपुरती वीस किलोपर्यंत नेता येते, सुकीही. म्हणजे कायद्याने सोडे चालतात. पण हॉटेलच्या खोलीत सोड्यांची पुडी उघडणं हा शेजारधर्माचा प्रश्न आहे, आणि खिडक्या बंद असलेल्या देशात त्याचं उत्तर सोपं आहे: नेऊ नका.

नेण्यासारखं: कुळथाचं पीठ अर्धा किलो, आमसुलं शंभर ग्रॅम, मेतकूट, तिखटाची पुडी, आंबापोळी किंवा फणसपोळी. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतलं असेल तर थंडीतून आल्यावर लसूण ठेचून घातलेली पिठी दहा मिनिटांत होते. चौघांना चार-पाच चमचे पीठ आणि लिटरभर पाणी. फोडणी मात्र मंद आचेवर, एग्झॉस्ट लावून. मिरची जळली की छतावरचा धुराचा अलार्म वाजतो. आमसूल आणि चिमूटभर मीठ गरम पाण्यात टाकलं तर हॉटेलच्या किटलीवरही काम भागतं. आगळ न्यायचं तर मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली जात नाही, आणि आगळाचा डाग तर तुम्हाला माहीतच आहे.

घर ते हॉटेल

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं आणि नाताळाच्या आसपास कोकणकन्या, तुतारी भराभर भरतात. विमान आणि गाडी एका दिवसात जुळवू नका. मधे मुंबईत एक रात्र धरा. महामार्गाने येणार असाल तर नक्कीच. कोट, टोपी, हातमोजे आणि मोज्यांचा एक जोड हातातल्या सामानात ठेवा, कारण मोठी बॅग एखादा दिवस उशिरा येऊ शकते आणि अंगावरच्या हाफ शर्टात तो दिवस काढणं अवघड. औषधंही जवळच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव. थंडीत रक्तदाब वाढतो, तेव्हा त्याची गोळी चालू असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

घड्याळ साडेचार तास मागे जातं. श्वेखाट विमानतळावरून शहरात यायला दोन सोयी आहेत: थेट सोळा मिनिटांत आणणारी महागडी खास गाडी, किंवा साधी एस-7 लोकल, जी दहाएक मिनिटं जास्त घेते आणि बरीच स्वस्त पडते. दुसरी घ्या. मात्र विमानतळ शहराच्या तिकीट-हद्दीबाहेर आहे. शहराचा पास असला तरी त्या तुकड्याचं वेगळं तिकीट लागतं. कागदी तिकीट निळ्या पेटीत घालून एकदा शिक्का मारावा लागतो. तिथे दारावर कुणी तिकीट बघत नाही, त्यामुळे शिक्का विसरतो, आणि तपासनीस आला की दंड शंभर युरोंच्या वर. विसरलो, नवे आहोत, हे ऐकून घेत नाहीत.

प्लग दोन गोल पिनांचा. आपला दोन पिनांचा फोन चार्जर बहुधा बसतो, तीन पिनांचा बसत नाही. एक अडॅप्टर आणि एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड पुरे.

दिवसाची मांडणी

21 डिसेंबरच्या सुमारास व्हिएन्नात सूर्य पावणेआठला उगवतो आणि चारला मावळतो. म्हणजे उजेड सव्वाआठ तास, तोही बरेचदा ढगाआडचा, राखाडी. रत्नागिरीत त्या दिवशी अकरा तास असतो. इथली सवय अशी की सकाळी देवळं-संग्रहालयं, संध्याकाळी हवा खायला बाहेर. तिथे ते उलटं करा: उजेड आहे तोवर बाहेर, अंधार पडला की आत. दहा ते दोन राजवाड्यांची आवारं, गल्ल्या, सेंट स्टीफन चर्चचा मनोरा (343 पायऱ्या, चढताना कोटाची बटणं सोडा), तीननंतर संग्रहालय. कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालय गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आल्बर्टिना बुधवारी आणि शुक्रवारी नऊपर्यंत. या तीन संध्याकाळी धरून आठवडा आखला की चारचा अंधार बोचत नाही. हिवाळ्यात सोमवारी बंद असणाऱ्या जागाही आहेत, तेवढं तपासा.

बाहेर सलग तासाभरापेक्षा जास्त राहू नका. पाय बधिर व्हायच्या आधी आत शिरायचं, नंतर नाही. एकदा गारठलेली बोटं गरम व्हायला वीस मिनिटं घेतात. आत शिरलात की लगेच कोट, टोपी, मफलर काढा. आळसाने कोट अंगावर ठेवला तर घाम येतो आणि बाहेर पडल्यावर तीच ओल छळते. म्हणूनच तिथे प्रत्येक संग्रहालयात, नाट्यगृहात कोट जमा करायची जागा असते. पैसे-पासपोर्ट कोटात ठेवू नका.

कुन्स्टहिस्टोरिशेसमध्ये ब्रूगेलच्या चित्रांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह आहे. बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं 1565 मधलं चित्र तिथेच बघायला मिळतं, आणि बाहेरच्या थंडीतून येऊन ते बघण्यात वेगळी मजा आहे: झाडं काळी, आकाश हिरवट, तळ्यावर माणसं घसरतायत. वरच्या बेल्वेडेअर राजवाड्यात क्लिम्टचं ‘चुंबन’ हे सोनेरी चित्र. तिकीट वेळ ठरवून आधी काढा. श्योनब्रुन राजवाडा साडेआठला उघडतो, पहिल्या तासात शिरलात तर खोल्या निवांत मिळतात. लहान मुलं कंटाळली किंवा म्हातारी मंडळी गारठली तर बुर्गगार्टनमधलं फुलपाखरांचं काचघर आहे. आत उष्ण, दमट, केळीच्या पानांवरून पाणी ठिबकतं. कोकणी माणसाला दारातच घरचा वास येतो. चष्मा पांढरा होईल, कॅमेऱ्याचंही तेच. थंडीतून उबेत येताना कॅमेरा अर्धा तास पिशवीतच बंद ठेवा, म्हणजे दव बाहेर पिशवीवर धरतं. उलट बाजूने, थंडीत फोनची बॅटरी एकाएकी पडते. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

थकलेल्यांसाठी ट्राम हेच दर्शन. जुन्या शहराभोवतीचा रिंगरस्ता 1865 मध्ये खुला झाला, लांबी पाच किलोमीटरहून थोडी जास्त. एक आणि दोन नंबरच्या ट्राम मिळून त्याचा बहुतेक भाग फिरवतात. ऑपेरा, संसद, टाउन हॉल, विद्यापीठ खिडकीतून दिसतात, पाय उबेत राहतात. 71 नंबर मध्यवर्ती दफनभूमीकडे जाते, जिथे बेथोव्हेन, शुबर्ट, ब्राम्स या संगीतकारांच्या कबरी शेजारी-शेजारी आहेत.

रविवारी दुकानं आणि सुपरमार्केट बंद. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत दूध, पाव, फळं घेऊन ठेवा. विसरलात तर मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं उघडी असतात, रांग लांब असते.

घसरण

बर्फ पडलेला असो वा नसो, रात्री ओला फुटपाथ गोठतो आणि सकाळी काळा, काचेसारखा दिसतो. घरमालकांना सकाळी सहा ते रात्री दहा आपल्या दारासमोरचा फुटपाथ साफ ठेवावा लागतो, म्हणून तिथे बारीक खडी टाकलेली असते. त्या खडीवरून चाला. साधायची चाल तुम्हाला येते: श्रावणात शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरताना जशी उतरता तशी. पावलं लहान, टाच आधी न टेकता पूर्ण तळवा सपाट, गुडघे किंचित सैल, वजन पुढच्या पायावर. हात खिशात नकोत, तोल गेला की सावरायला मोकळे हवेत.

भिंतीला तिरक्या काठ्या टेकवून ठेवलेल्या दिसल्या, किंवा ‘डाखलाविने’ अशी पाटी दिसली, तर त्या घराखालून जाऊ नका. छपरावरचा बर्फ एकगठ्ठा घसरून खाली येतो त्याचा तो इशारा. संध्याकाळी बूट आतून ओलसर वाटले तर वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा, पावसाळ्यात करतो तसे. हीटरवर ठेवले तर चामडं तडकतं.

पोटाची गोष्ट

शाकाहारी माणसाला तिथे मांसाच्या तुकड्यापेक्षा सूप जास्त फसवतं. स्वच्छ दिसणारं, त्यात रव्याचे गोळे किंवा धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप जवळपास नेहमी गोमांसाच्या पाण्यावर करतात; बटाट्याच्या कोशिंबिरीतही तेच पाणी घालायची व्हिएन्नाची रीत आहे. ‘रिंडसुप्पे?’ एवढं विचारलं तरी कळतं. गुलाश गोमांसाचं, खरं वीनर श्नित्सेल वासराचं. निर्धास्त खावं असं: चीजमध्ये घोळलेल्या गव्हाच्या गोळ्यांचं केझश्पेत्सले (अंडं असतं, वर डुकराचे तुकडे नकोत म्हणून सांगा), बटाट्याची तळलेली थापोळी, आणि गेर्मक्नोडेल. हा शेवटचा वाफवलेला, प्लमचा जाम भरलेला, वर खसखस-साखर पेरलेला गोळा. मोदकाची आठवण होते. तुलना करू नये, पण होतेच. रस्त्यावर भाजलेल्या चेस्टनटची पुडी घ्या, खाऊन होईपर्यंत हातही गरम राहतात.

मासे खाणाऱ्यांनी अपेक्षा आवराव्यात. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, ताटात ट्राउट, झांडर आणि नाताळात कार्प: सगळी गोड्या पाण्यातली मासळी, मसाला म्हणजे लोणी आणि लिंबू. ट्राउट चांगला लागतो. कार्प काट्यांचा.

नाताळ बाजारात गरम मसालेदार वाइन आणि पंच मातीच्या मगात देतात. मगाची चार-पाच युरो अनामत आधी घेतात, मग परत दिला की मिळते. तसाच घरी नेला तरी चालतो. मुलांसाठी आणि दारू न घेणाऱ्यांसाठी ‘किंडरपुन्श’ मागा. दारूने ऊब आल्यासारखं वाटतं, पण कातडीकडे रक्त खेळून अंगाची उष्णता बाहेर जाते. तीन मग पिऊन तासभर उभं राहण्यात शहाणपण नाही. टाउन हॉलचा बाजार सगळ्यात मोठा आणि सगळ्यात गर्दीचा, तिथे दिवे लागताना एक फेरी पुरे. खरेदी स्पिटेलबर्गच्या गल्ल्यांत किंवा कार्ल्सप्लाट्झला, आणि तीही पाचच्या आत.

कॉफीहाउस मात्र सवडीने. व्हिएन्नाची ही परंपरा 2011 पासून ऑस्ट्रियाच्या युनेस्को वारसायादीत आहे आणि तिचा अर्थ एवढाच की एका कपावर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. फेसाळ दुधाची हवी तर मेलान्ज, काळी कॉफी वर फेटलेली साय हवी तर आइनश्पेनर. सोबत पाण्याचा पेला येतो, संपला की पुन्हा मागा. पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं, 1873 पासून नळाने आणलेलं. बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवू नका. बिल सांगताना पाच-दहा टक्के वर धरून पूर्ण रक्कम तोंडी सांगायची, टेबलावर नाणी ठेवून निघून जायची पद्धत नाही. रोख थोडी जवळ ठेवाच. कार्डाच्या मशीनने रुपयांत की युरोत विचारलं तर युरो म्हणा, रुपयांचा दर नेहमी वाईट असतो.

बर्फ बघायचाच असेल तर

व्हिएन्नात बर्फाची खात्री नाही. आठवडाभर नुसतं धुकं असू शकतं. मग एक दिवस डोंगरातल्या सेमरिंगला जा, रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास. 1854 मध्ये पूर्ण झालेला हा रेल्वेचा घाट कार्ल फॉन गेगा याने बांधला: 41 किलोमीटर, सोळा कमानीपूल, डोंगर पोखरलेले बोगदे. 1998 मध्ये तो जागतिक वारसा ठरला. आपली कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली तेही त्याच वर्षी, त्यामुळे पनवल नदीचा पूल ओलांडताना खिडकीला नाक लावणाऱ्यांना हा मार्ग आपलाच वाटेल. जाताना स्थानिक, सगळीकडे थांबणारी गाडी घ्या आणि शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंच्या खिडक्या बघा, मार्ग सतत वळतो. सकाळी आठच्या सुमारास निघा, अंधारायच्या आत परत. बर्फात खेळायचं तर जादा पँट आणि दोन जोड मोजे. मुलं पहिल्या दहा मिनिटांत भिजतात.

परतल्यावर

सगळ्यात वर एक सुती शर्ट ठेवा, मुंबईत उतरल्यावर कोट नकोसा होतो. आणि कपडे घरी आल्या आल्या ट्रंकेत टाकू नका. लोकर आणि चामड्यावर मीठ-चिखल तसाच राहिला तर पहिल्या पावसात बुरशी धरते. थर्मल धुऊन, कोट आणि बूट पुसून दोन दिवस कडकडीत उन्हात, मग कापूर किंवा कडुलिंबाचा सुका पाला घालून कोरड्या पिशवीत. बुटांत वर्तमानपत्र भरा. श्रावणात एखाद्या उघाडीच्या दिवशी ट्रंक उघडून सगळं पुन्हा वाऱ्याला घाला.